भाजीच्या टोपलीतला झपताल

चटईवर सतरा मुलं गोल करून बसली होती आणि मधोमध भाजीची टोपली होती. ताईंनी टोपलीतून एक वांगं काढून वर धरलं. ‘वां-गी,’ मुलं ओरडली आणि दोन टाळ्या वाजल्या. मग बटाटा. ‘ब-टा-टा,’ तीन टाळ्या. भेंडीला दोन, टोमॅटोला तीन. चारही भाज्या ताईंनी चटईवर एका ओळीत मांडल्या आणि त्यांच्यावरून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट जाईल तसं मुलं म्हणत गेली. ओळ संपली की बोट न थांबता पुन्हा वांग्यावर. चौथ्या-पाचव्या फेरीला सगळ्यांचे आवाज एका चालीत आले, माना हलायला लागल्या, कडेची एक मुलगी बसल्या जागी डुलू लागली.

मग ताई म्हणाल्या, ‘‘आता भेंडीला टाळी नाही हं. भेंडी बुळबुळीत असते. हात सटकतो.’’ आणि त्यांनी उजवा हात डाव्या तळव्यावरून अलगद बाहेर सटकवून दाखवला. पुढच्या फेरीत सतरा हात सटकले आणि वर्गभर हसू फुटलं.

दोन, तीन, दोन, तीन. दहा मात्रा, चार खंड, तिसऱ्या खंडावर खाली. तबल्याच्या क्लासला वर्षभर गेलेल्या कुणालाही ओळखू यावा असा तो झपताल होता. पाच वर्षांच्या मुलांना तालाचं नाव कुणी सांगितलं नव्हतं, मात्रा मोजायला लावल्या नव्हत्या. पण टाळीनंतर खाली येते तेव्हा काय वाटतं, हे त्यांच्या तळहातांना कळलं होतं. एका पोराने पुढे सरकून बटाटा उचलला आणि वांग्याच्या आधी ठेवला, टोमॅटो टोपलीत टाकून दिला. आता ओळ झाली बटाटा, वांगी, भेंडी. तीन, दोन, दोन. ताई ‘चुकलं’ म्हणाल्या नाहीत. बोट नव्या ओळीवरून फिरवत राहिल्या. सात मात्रांच्या रूपकाचे खंड त्या पोराने भाजी चोरून तयार केले होते.

पुढच्या अर्ध्या तासात पाट्यांवर खडूचे ठिपके उमटले. वांग्याचे दोन जवळजवळ, मग थोडी मोकळी जागा, मग बटाट्याचे तीन. सटकणाऱ्या भेंडीला कुणी गोल काढला, कुणी शेपटी. मग बाजार भरला. दोघी भाजीवाल्या झाल्या, चौघे गिऱ्हाईक, बाकीचे करवंट्या आणि चिंचोक्यांचे डबे घेऊन बाजाराचा गलका झाले. भाजीवालीने आरोळी ठोकली की गलका थांबायचा, आरोळी संपली की पुन्हा सुरू. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या त्या बालवर्गात मी ‘संगीताचा तास’ पाहायला गेलो होतो. भिंतीवरच्या वेळापत्रकात ‘भाषा’ होती, ‘चित्रकला’ होती, ‘खेळ’ होता, ‘गाणी-गोष्टी’ही होत्या. मी पाहिलं ते यांपैकी नेमकं कोणत्या चौकटीत बसवायचं, हे मला ठरवता आलं नाही. मुलांना तो प्रश्नच पडला नव्हता.

*

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं एक उत्तर आपल्याच मातीत लिहून ठेवलेलं आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, राजा सिंघणाच्या काळात, शार्ङ्गदेव नावाचा एक गृहस्थ हिशेबखात्याचा अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबांच्या काळात दक्षिणेत उतरलेलं. दिवसा राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्यातली संगीताची व्याख्या आजही प्रत्येक परीक्षार्थी घोकतो: गायन, वादन आणि नर्तन या तिघांना मिळून संगीत म्हणायचं. ग्रंथाचे सात अध्याय आहेत आणि सातवा सगळाच्या सगळा नृत्याला दिलेला आहे.

ही व्याख्या परीक्षेच्या पेपरात दोन गुणांना येते. विद्यार्थी ती बसून लिहितो आणि मग पुढची सात-आठ वर्षं बसूनच गाणं शिकतो.

यात दोष कुणा एकाचा नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. गाणं मोजक्या घरांत आणि दरबारांत अडकलेलं होतं, घरंदाज कुटुंबं त्याकडे संशयाने पाहत होती. त्याला शाळेचं रूप, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र दिल्याशिवाय ते मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आलं नसतं. बडोद्यात मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली होती. भातखंड्यांनी चिजा जमवून, स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तकं छापली. या मंडळींच्या कष्टांमुळेच आज तालुक्याच्या गावीसुद्धा ‘प्रारंभिक’ ते ‘विशारद’ अशी शिडी उभी आहे.

पण शिडी ज्याला चढायची आहे त्याच्यासाठी असते. ज्याला वर जायचं नाही, नुसतं अंगणात खेळायचं आहे, त्याच्यासाठी आपण काय उभारलं? पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी विशारद होणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. उरलेल्यांनी गाणं फक्त ऐकायचं, विकत घ्यायचं आणि ‘आमच्या गळ्यात नाही हो’ म्हणत आयुष्य काढायचं, हे आपण फारसा विचार न करता मान्य केलेलं दिसतं. या उरलेल्यांच्या संगीताला नाव द्यायचं तर ‘सगळ्यांचं संगीत’ म्हणावं लागेल. ते शिकवण्याची रीत गाण्याच्या क्लासपेक्षा वेगळी असायला हवी, कारण ते शिकणारं मूल वेगळ्या ठिकाणाहून निघतं. तीन वर्षांच्या मुलाला गाणं लावून ‘हलू नकोस’ म्हणून पाहा. शार्ङ्गदेवाची व्याख्या त्याला पाठ नसते, पण त्याचं सगळं अंग ती पाळत असतं.

*

युरोपात याच गाठीशी झुंजणारे लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आले. जिनिव्हाच्या संगीतशाळेत एमिल जाक-दालक्रोझ यांनी पाहिलं की विद्यार्थी कागदावर अचूक लिहितात, बोटांनी बिनचूक वाजवतात, पण लय त्यांच्या अंगात नसते. त्यांनी विद्यार्थ्यांना उठवलं आणि लयीत चालायला लावलं. हंगेरीत झोल्तान कोडाय यांनी सांगितलं की प्रत्येक मुलाला मिळालेलं वाद्य म्हणजे त्याचा गळा, आणि पहिली गाणी त्याच्या मातृभाषेतली लोकगीतंच असावीत.

आपल्या भाजीच्या टोपलीला सर्वांत जवळचा वाटतो तो म्युनिकचा प्रयोग. १९२४ मध्ये डोरोथे ग्युंथर आणि संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी तिथे एक शाळा काढली. शिकवायचं होतं शरीराचं शिक्षण, नृत्य आणि संगीत, एकाच छताखाली. नाचणाऱ्यांनी वाजवायचं, वाजवणाऱ्यांनी नाचायचं आणि मधेच जागा बदलायच्या, हा तिथला रिवाज. १९२६ मध्ये गुनिल्ड केटमान नावाची एक तरुणी विद्यार्थिनी म्हणून आली आणि पुढे या साऱ्या कामाचा कणा बनली. ऑर्फ यांचं नाव जगभर झालं, ‘कार्मिना बुराना’ या रचनेमुळे तर घरोघरी, पण मुलांच्या हाती द्यायचे असंख्य लहान तुकडे रचणारी, ते मुलांसोबत वाजवून पाहणारी केटमानच होती.

त्यांना वाद्यं हवी होती, जी न शिकताच वाजवता येतील. हार्पसिकॉर्ड बनवणाऱ्या कार्ल मेंडलर या कारागिराने त्यांना लाकडी पट्ट्यांची वाद्यं घडवून दिली. खोक्यावर पट्ट्या रचलेल्या, हातात छोटी मोगरी, मारली की स्वर. यातली मेख अशी की पट्ट्या सुट्या असतात, हव्या त्या उचलून बाजूला ठेवता येतात. शिक्षक सातांतल्या दोन पट्ट्या काढतो आणि मुलापुढे पाचच ठेवतो. आता मूल कुठेही मारो, शेजारचा काहीही वाजवो, कानाला खुपणारं काही निघतच नाही. मुलांचा धीर वाढतो.

काढलेल्या दोन पट्ट्या कोणत्या, हे पाहिल्यावर मी हसलो. आपल्या भाषेत सांगायचं तर मध्यम आणि निषाद. उरले सा, रे, ग, प, ध. म्हणजे भूप! महाराष्ट्रातल्या हजारो मुलांनी पेटीवर जो राग पहिल्यांदा गिरवला तोच. म्युनिकचं मूल आणि मिरजेचं मूल एकाच पाच स्वरांच्या अंगणातून सुरुवात करतात. फरक पुढे आहे. आपलं मूल त्या अंगणात आरोह-अवरोह पाठ करतं, ते मूल तिथे धडपडतं. ऑर्फ यांच्या पद्धतीत षड्ज आणि पंचम खाली सतत वाजते ठेवतात, आपल्या तंबोऱ्यासारखे. त्यावर एखादा लहान तुकडा पुन्हापुन्हा फिरवत ठेवतात, कथकच्या साथीला लेहरा धरतात तसा. आणि वरची मोकळी जागा मुलाने भरायची. तंबोरा, लेहरा, भूप ही आपल्या घरातलीच सामग्री. ती मुलाच्या हाती खेळायला द्यायची, ही कल्पना मात्र आपण बाहेरून यायची वाट पाहत राहिलो.

वाद्यांच्याही आधी येतं शरीर. चुटकी, टाळी, मांडीवर थाप, जमिनीवर पाय. बारीक आवाजापासून जाड आवाजापर्यंत चार थर. आणि शरीराच्याही आधी येतो शब्द, मुलांची नावं, फळं, गावं. आपल्या तबलजींची, कथकवाल्यांची पढंत हीच की: हाताने वाजवण्याआधी तोंडाने म्हणायचं. वांगी-बटाटा त्याच वाटेने आले.

या कथेला एक काळी बाजूही आहे आणि ती टाळून चालणार नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या सोहळ्यात मुलांच्या मोठ्या रिंगणनृत्यासाठी ऑर्फ आणि केटमान यांनी संगीत दिलं. रिंगण तेच, ताल तोच, पण ते मुलांच्या मालकीचं राहिलं नव्हतं. एका हुकूमशाहीच्या देखाव्याची झालर बनलं होतं. म्युनिकची शाळा त्याच राजवटीने १९४४ मध्ये बंद पाडली आणि पुढल्या वर्षी बॉम्बहल्ल्यात इमारतीसह वाद्यंही जळाली. ‘सगळ्यांनी मिळून’ हा शब्द आपोआप चांगला ठरत नाही, हे त्यातून शिकायचं. मिळून कवायतही होते आणि मिळून खेळही होतो. ठरवणारं कोण, एवढाच त्यांच्यातला फरक.

युद्धानंतर, १९४८ मध्ये, बव्हेरियाच्या नभोवाणीने ऑर्फ यांना मुलांसाठी कार्यक्रम करायला सांगितलं. त्या कामातून १९५० ते १९५४ या काळात पाच पुस्तकांचा संच तयार झाला आणि तो देशोदेशी गेला. ऑर्फ सांगत राहिले की त्यातले तुकडे नमुने आहेत. प्रत्येक देशाने आपल्या मुलांच्या गाण्यांपासून, आपल्या भाषेच्या चालीपासून सुरुवात करावी.

*

तसं करायचं म्हटलं तर आपल्याकडे आरंभ कुठून करावा? माझं उत्तर आहे, हत्तीपासून.

आश्विनातली संध्याकाळ. पाटावर तांदळाने किंवा रांगोळीने हत्ती काढलेला. भोवती फेर. भोंडला म्हणा, हादगा म्हणा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई म्हणा. आपण त्याला सण म्हणतो, जुन्या आठवणींत टाकतो, आताशा सोसायटीच्या गच्चीवर ध्वनिक्षेपक लावून उरकतो. एकदा शिक्षकाच्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहा.

आधी चित्र येतं. फेराला मध्य लागतो आणि तो मध्य मुलीच काढतात. मग पाय: फेराची एकच साधी चाल, जी तीन वर्षांच्या नातीला आणि साठीच्या आजीला एकाच वेळी जमते. मग स्वर: गाणी चार-पाच स्वरांतच फिरतात, कुणालाही ताणावं लागत नाही. मग नाट्य: सासू, सून, दीर, माहेरचा मुराळी, सगळी पात्रं गाण्यातच उभी राहतात, आणि प्रत्येक कडव्यात एकच शब्द बदलत गोष्ट पुढे सरकते, म्हणजे नवखीलाही दुसऱ्या कडव्यात सामील होता येतं. आणि शेवटी खिरापत! डबा हलवायचा, आवाजावरून आत काय ते ओळखायचं. चुरमुरे कसे वाजतात, लाडू कसा वाजतो, शिरा तर वाजतच नाही. कान तयार करण्याचा याहून गोड धडा मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही.

याहून शहाणी गोष्ट अशी की अभ्यासक्रमही बांधलेला आहे. जिथे सोळा दिवसांचा हादगा चालायचा तिथे पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. रोज नवं एकच, पण जुनं सगळं पुन्हा. उजळणीचा कंटाळा नाही, नव्याचा धसका नाही. सोळाव्या दिवशी सोळा गाणी पाठ आणि ‘पाठ करा’ असं कुणी एकदाही म्हणालेलं नाही. परीक्षेला बसवायला कुणी नसतं, कारण श्रोतेच नसतात. जो आला तो फेरात.

भोंडल्याच्या गाण्यांमधलं सासुरवाशिणीचं जग आजच्या मुलामुलींना जसंच्या तसं द्यावं असं मी म्हणणार नाही, आणि फेर फक्त मुलींचा हेही आता सोडायला हवं. घ्यायचा तो सांगाडा. मध्ये हत्तीऐवजी मुलांनी काढलेली बस असू दे, सासूऐवजी वाहतूक पोलीस असू दे. कडव्यात बदलणारा शब्द मुलांनीच सुचवायचा.

*

महाराष्ट्रात लहान मुलांच्या शिक्षणाचा इतिहास ज्या मुलखात घडला त्या डहाणू तालुक्यात ही सगळी सामग्री डोळ्यांपुढेच होती. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत माँटेसरी पद्धतीवर काम करून आल्या होत्या. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ उभा केला होता. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या आणि पुढे दोघींनी आपलं काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं, वारली मुलांमध्ये. महागडी माँटेसरी साधनं परवडणार नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, पानं, खडे ही साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हे तत्त्व आपल्याकडे कुणी परदेशातून आयात केलेलं नाही. निदान त्याची कसोटी तरी आपल्या टेकड्यांवर लागलेली आहे.

आणि त्याच टेकड्यांवर तारपा वाजतो. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानाचा कर्णा. वाजवणारा मध्ये, हातात हात गुंफलेली माणसं त्याच्याभोवती. साखळी उलगडते, वळते, पुन्हा गुंडाळते. नाचणारे कधी पाठ फिरवत नाहीत वाजवणाऱ्याकडे, त्याच्या सुरावर पाय टाकतात, आणि हे दृश्य घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने उमटतं. जिव्या सोमा म्हसे यांनी हेच चित्र कागदावर आणि कापडावर आणून जगाला दाखवलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज तारप्याचं ते चित्र पिशव्यांवर, कपांवर, विमानतळाच्या भिंतींवर दिसतं. घेणाऱ्याला नक्षी दिसते. मला त्यात शार्ङ्गदेवाची व्याख्या दिसते: गाणारं, वाजवणारं, नाचणारं, सगळं एका रेषेत, आणि ती रेष काढणारा हातही त्याच गावचा.

*

‘‘पण याने होतं काय?’’ हा प्रश्न पालक विचारतातच. विचारावाच. फक्त उत्तर देताना बढाई नको.

‘मोझार्ट ऐकवा, बुद्धी वाढवा’ ही बढाई त्यातली सर्वांत प्रसिद्ध. तिचं मूळ १९९३ मधल्या एका लहानशा अमेरिकी प्रयोगात आहे. त्यातली मंडळी कॉलेजची विद्यार्थी होती, बाळं नव्हती. दहा मिनिटं मोझार्ट ऐकल्यावर आकारांविषयीच्या एका चाचणीत त्यांना थोडे गुण जास्त मिळाले आणि पाऊण तासही न टिकता, दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरला. त्यावर बाळांसाठीच्या सीडींचा बाजार उभा राहिला, हा संगीताचा दोष नव्हे.

मला जास्त मोलाचा वाटतो तो जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधा अभ्यास. चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या केल्या. काही जोड्यांनी एका मोठ्या माणसासोबत खेळ खेळला: तळ्यातले बेडूक झोपलेत, त्यांना गाऊन, नाचून, लाकडी बेडूक वाजवून जागं करायचं. बाकीच्या जोड्यांनी तोच खेळ खेळला, फक्त त्यात गाणं आणि ताल नव्हता. नंतर दुसऱ्या एका खेळात जोडीतल्या एकाच्या नळीतून गोट्या मुद्दाम सांडतील अशी योजना होती. ज्यांनी मिळून गायलं-वाजवलं होतं ती मुलं आपलं काम सोडून सवंगड्याच्या गोट्या गोळा करायला जास्त वेळा धावली.

गणितात किती गुण वाढले ते विचारू नका. दुसऱ्याच्या गोट्या सांडल्यावर मूल वाकलं, एवढं मला पुरेसं वाटतं.

यातला ‘मिळून’ महत्त्वाचा. मोबाइलवर बालगीत लावून मुलाला समोर बसवलं तर गाणं असतं, पण दुसरा कुणी नसतो. गाण्याची गती मुलासाठी थांबत नाही, त्याने शब्द बदलला तर पडद्यावरचा हत्ती दाद देत नाही. चटईवरची ताई थांबते. बटाटा जागचा हलला तर तिचं बोटही हलतं.

*

कागदावर तर सगळं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विषय एकत्र गुंफण्याची भाषा आहे; २०२२ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आलेल्या राष्ट्रीय आराखड्यात खेळाला आणि कलांना मानाची जागा आहे. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक तर नावातच क्रियापदं घेऊन आलं. अडचण वर्गात आहे आणि ती खरी आहे.

पहिली अडचण आवाजाची. पस्तीस मुलं आणि पस्तीस करवंट्या, शेजारी चौथीचा गणिताचा वर्ग. याला उपाय म्हणजे वाजवण्याआधी थांबायला शिकवणं. हात वर गेला की शांतता, हा पहिला खेळ. पावसाचा खेळ त्यासाठी नामी आहे: तळव्यावर आधी एक बोट, मग दोन, मग चार, मग सगळा हात, मग मांड्या, आणि तसंच उलटं येत येत शेवटी काहीच नाही. ते शेवटचं ‘काहीच नाही’ मुलं श्वास रोखून ऐकतात. चित्रात कोरी जागा असते, तालात खाली असते, तशी ही.

दुसरी अडचण पट्टीची. लहान मुलांचा सहज गळा पाच-सहा स्वरांचा असतो आणि तो मोठ्यांपेक्षा वर असतो. गुरुजी आपल्या काळी एकमध्ये खाली गातात, मुलं घरघरतात आणि शेरा मिळतो, ‘सूर नाही’. पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंतच्या टप्प्यात साधं गाणं दिलं तर निम्मी बेसूर मुलं सुरात येतात. कोडाय आणि ऑर्फ या दोघांच्याही पद्धतींत पहिले दोन स्वर आपल्या पंचम-गंधाराच्या अंतराचे असतात, वरून खाली येणारे. मुलं चिडवताना, हाका मारताना असाच सूर लावतात. आमच्या भाजीवालीची आरोळी मी पेटीवर ताडून पाहिली, तीही त्याच्याच आसपास होती.

तिसरी अडचण सर्वांत अवघड: ताईंची स्वतःची भीती. ‘मला गाता येत नाही.’ टोपलीवाल्या ताईंनीही मला पहिल्यांदा हेच सांगितलं होतं आणि वर म्हणाल्या होत्या की गाता येत नाही म्हणूनच भाज्या सुचल्या. ही भीती कुठून येते ते मला ठाऊक आहे. ती बहुधा गॅदरिंगमधून येते.

वार्षिक स्नेहसंमेलन हे आपल्या शाळांमधलं एकमेव ठिकाण, जिथे गाणं, नाच, नेपथ्य, वेशभूषा सगळं एकत्र येतं. म्हणजे व्याख्येप्रमाणे तोच खरा संगीताचा तास असायला हवा. होतं काय? सिनेमाचं गाणं पेनड्राइव्हवर येतं. नाच ‘बसवतात’, शब्दच पाहा. पोशाख भाड्याने येतो. उंचीप्रमाणे रांगा, पुढे गोरी-गोमटी, मागे बाकीची. मुलांनी ठरवलेली एकही गोष्ट त्या पाच मिनिटांत नसते. तेच गॅदरिंग चार महिने आधी टोपलीतून सुरू झालं तर? वर्गाने एक गोष्ट निवडायची, पाऊस कसा येतो ते शोधायचं, पडदा रंगवायचा, आवाज जमवायचे, गाण्याची दोन कडवी स्वतः जोडायची. ते मोडकंतोडकं होईल. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना टाळी कुठे वाजवायची कळणार नाही. पण मागच्या रांगेतल्या मुलाला ते नाटक आठ वर्षांनीही सांगता येईल.

*

मी मागच्या रांगेतलाही नव्हतो. तिसरीत असताना समूहगीताच्या निवडीत माझा आवाज ऐकून बाईंनी मला बाजूला काढलं आणि पडद्याच्या दोरीवर उभं केलं. तेव्हा रडलो होतो. पण दोरी ओढणाऱ्याला प्रत्येक गाणं संपतं कधी ते माहीत असावं लागतं. पहिल्या तालमीत मी पडदा अर्ध्या ओळीवर टाकला आणि बोलणी खाल्ली. मग ऐकायला लागलो. शेवटचं कडवं, त्याची शेवटची ओळ, ती तीनदा फिरते, तिसऱ्यांदा तबला एक चक्कर घेतो आणि येऊन पडतो, तिथे. चौथ्या तालमीला मी डोळे मिटून तिथे पडदा टाकू शकत होतो. त्या जागेला सम म्हणतात हे मला फार वर्षांनी कळलं.

मी आजही गात नाही. मैफलीत मात्र समेवर माझा उजवा हात खाली जातो, शेजारच्याला वाटतं दाद दिली. मी दोरी सोडलेली असते.

त्या बालवर्गातून निघताना बाजार उठला होता. मुलं भाज्या टोपलीत भरत होती. भेंडी सटकवणारी मुलगी दाराशी माझ्या वाटेत उभी राहिली आणि तिने विचारलं, ‘‘काका, तुमची भाजी कोणती?’’ मी जरा विचार करून म्हणालो, ‘‘कारलं.’’

तिने मनात मोजलं. ‘‘का-र-लं,’’ तीन टाळ्या वाजवल्या आणि मागे वळून ओरडली, ‘‘ताई, काकांना बटाट्याशेजारी बसवा.’’